रिकाम्या सीटचा पट्टा

१

मर्व्ह सोरेनसेन सकाळचा दुसरा चहा शेडमध्ये घ्यायचा, आणि त्या कपात काय पडलेलं असेल याचा नेम नसायचा. पितळेचा कीस, प्लास्टिकचा भुसा, एकदा तर चक्क एक चाक. "तू गेलास की डॉक्टर तुला उघडतील," त्याची बायको इलेन म्हणायची, "आणि आतून एक अख्खं विमान निघेल." चेष्टा होती ती, पण सत्तरी ओलांडल्यापासून तो कपावर बशी झाकून ठेवायला लागला होता.

डॅनेवर्क गावाबाहेर, मेंढ्यांच्या टेकड्यांच्या पायथ्याशी त्यांचं घर. मागच्या अंगणात फिजोआचं झाड आणि त्याखाली ही पत्र्याची शेड. एप्रिलात थंडीची चाहूल लागली की पिकलेले फिजोआ धप् धप् करून छपरावर पडायचे. ऊन चढलं की पत्रा तडतडायचा, ढग आला की पुन्हा तडतडायचा. हे सगळे आवाज मर्व्हला पाठ होते, इतके की ते त्याला ऐकूच यायचे नाहीत.

शेडमध्ये तो विमानं करायचा. खेळण्यातली म्हटलेलं त्याला खपायचं नाही. खरं विमान बत्तीस पटीनं लहान केलं तर जसं होईल तसं, आतल्या बटणांसकट. प्लास्टिकचे भाग कुणीही चिकटवतं. खरी कसोटी पितळेची. तळहाताएवढा पितळी पत्रा, कागदाहून पातळ, त्यात आम्लाने कोरलेले बारीकसारीक भाग. एक शिंक आली की आठवड्याची मेहनत गेली. प्रत्येक भागावर जिथे वाकवायचं तिथे पुसट खाच असते. ती आतल्या बाजूला ठेवून घडी घालायची. त्याआधी पितळ ज्योतीवर धरायचं. रंग उतरला की ते मऊ होतं आणि कापडासारखं पाहिजे तिथे पडून राहतं. पण मऊ असो की कडक, एका जागी ते एकदाच वाकवावं. दुसऱ्यांदा वाकवलं तर कुरकुरतं आणि तिसऱ्यांदा तुटतं. मॉडेलवाल्यांच्या क्लबात नवा माणूस आला की मर्व्ह त्याला पहिल्यांदा हे सांगायचा, आणि नवा माणूस हमखास ऐकायचा नाही.

त्या आठवड्यात टेबलावर होतं ते खत टाकणारं विमान. पिवळं, पुढून बोजड, पाठीवर कुबड आल्यासारखं. टेकड्यांवरच्या कुरणांवर पांढरं खत फवारत फिरणारी ही विमानं मर्व्हने जन्मभर पाहिली होती. तीस-बत्तीस वर्षं तो डोंगरातल्या धावपट्ट्यांवर लोडर चालवत होता. विमान उतरलं की त्याच्या पोटात खत ओतायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. पण हे विमान त्या काळातलं नव्हतं. याच्या शेपटीवरची अक्षरं त्याच्या मुलीच्या विमानाची होती.

ब्रायोनी. एकुलती एक. लहानपणी शाळेला सुट्टी असली की लोडरमध्ये त्याच्या शेजारी बसायची. मर्व्ह तिच्या पोटावर पट्टा बांधायचा आणि विचारायचा, "लागला का?" ती सांगायची, "लागला." खट् आवाज झाल्याशिवाय लोडर हलायचा नाही. तीच पोरगी बाविसाव्या वर्षी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली की मी खताचं विमान उडवणार. मर्व्हने त्या धंद्यात मित्र गमावले होते. भीतीनं त्याची जीभ सुटली. "उडव," तो म्हणाला, "पण तुझ्या मातीला मी येणार नाही."

याला आता सोळा वर्षं झाली. ती येत-जात होती, फोन करत होती. हवापाणी, मेंढ्यांचे भाव, आईचा गुडघा, सगळ्यावर बोलणं व्हायचं. ते वाक्य मात्र दोघांच्यामध्ये पडून होतं आणि कुणीच ते उचलत नव्हतं. ती जिथून उडायची ती धावपट्टी अर्ध्या तासावर होती, पण मर्व्ह एकदाही बघायला गेला नव्हता. त्याला लाज वाटायची आणि ती कबूल करायचीही लाज वाटायची. तोंडानं जे होत नव्हतं ते त्याने हातांवर सोपवलं होतं. येत्या शुक्रवारी ती जेवायला येणार होती, तेव्हा हे विमान तिच्यापुढे ठेवायचं आणि म्हणायचं, "चुकलो मी, पोरी."

मंगळवारी त्याने पायलटच्या सीटचे पट्टे केले. दीड मिलिमीटर रुंद, टोकाला मोहरीएवढं बकल. ज्योतीवर मऊ केले, सीटच्या दोन्ही कडांना चिकटवले आणि मोकळी टोकं दोन बाजूंना सैल सोडली. मॉडेलवाल्यांचा हा अलिखित नियमच आहे. आत पायलटचा पुतळा बसवला असेल तर पट्टे लावायचे. सीट रिकामी असेल तर ते उघडे, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखे. मर्व्ह पुतळे बसवायचा नाही. एवढा लहान चेहरा त्याला कधीच जमला नव्हता, आणि ब्रायोनीचा तर त्याने करूनच पाहिला नसता.

त्याने विमानावर आइस्क्रीमचा रिकामा डबा पालथा घातला, दिवा बंद केला आणि जेवायला गेला.

२

बुधवारी सकाळी डबा उचलला तर पट्टे लागलेले होते.

आधी त्याला वाटलं, चष्मा पुसायला हवा. चष्मा पुसून त्याने भिंगाचा दिवा ओढला. डावी पट्टी उजवीकडे गेली होती, उजवी डावीकडे आली होती, आणि बकल मधोमध बसलं होतं. बसलेलं म्हणजे नीट, कोणत्याही स्पर्धेत पहिला नंबर मिळेल असं. पण हे सगळं सीटवर चपटं पडलेलं नव्हतं. पट्टा वर उचललेला होता, गोलाकार. त्याच्याखाली एक पोकळी होती आणि त्या पोकळीला आकार होता.

मर्व्ह स्टुलावर बसला. विचार करू लागला, कारण तो विचार करणारा माणूस होता. पितळ थंडीनं आकसतं, हे खरं. पण आकसलेलं पितळ बकल लावत नाही. मांजर? डबा जागेवर होता. मग राहिला तो स्वतः. गेल्या महिन्यात त्याने गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली होती. काल संध्याकाळी हातांनी एक केलं आणि डोक्यानं दुसरं लक्षात ठेवलं, असं झालं असेल. हा विचार पट्ट्यापेक्षा भयंकर होता, तरी त्याने तोच धरला. निदान तो समजत तरी होता.

खात्रीसाठी तो दाराशी जाऊन ओरडला, "इलेन, तू शेडमध्ये आली होतीस?"

"त्या भंगारखान्यात?" ती कपडे वाळत घालत होती. "माझं काय डोकं फिरलंय? का, काय हरवलं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे नक्की काहीतरी. चष्मा डोळ्यांवर आहे का बघ आधी."

चष्मा डोळ्यांवरच होता. मर्व्हने चिमट्यानं बकल अलगद सोडवलं आणि पट्ट्या पुन्हा दोन बाजूंना टाकल्या. पितळ कुरकुरलं. सकाळचे साडेनऊ झाले असतील. पश्चिमेकडच्या टेकड्यांवरून विमानाची लांबची घरघर येत होती, आणि मध्येच ती जरा अडखळली असं त्याला वाटलं. मग नेहमीसारखी सुरू झाली.

३

उरलेला सगळा दिवस त्याने त्या सीटकडे बघायचं टाळलं. काचेची टोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची पारदर्शक झडप, त्याने पॉलिश करून पितळी चौकटीसह बसवली. पांढऱ्या डिंकानं. सुपरग्लूची वाफ काच धुरकट करते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. झडप उघडझाप होईल अशी ठेवली.

संध्याकाळी ब्रायोनीचा फोन आला.

"कसा आहेस, डॅड?"

"आहे बरा. तू?"

"मजेत. हेन्लीच्या वरच्या कुरणावर काम चाललंय. शुक्रवारी संपवते आणि तिकडूनच येते."

"वारा पश्चिमेचा होणार आहे म्हणे."

"हो, ऐकलं मी."

मर्व्हच्या ओठांवर आलं होतं की तुझ्यासाठी एक गोष्ट करतोय. आणखी एक वाक्य, बस. "आईचा गुडघा बरा आहे," तो म्हणाला. ती म्हणाली, बरं झालं. दोघांनी फोन ठेवला. मर्व्ह स्वतःवर चिडला.

गुरुवारी सकाळी शेडचं दार उघडताच एक बारीक आवाज झाला. खट्. पत्रा तापल्याचा म्हणावा तर ऊन अजून पत्र्यावर आलं नव्हतं. फिजोआ पडल्याचाही नव्हता. लहानसा, कोरडा आवाज, टेबलाकडून आलेला.

डबा उचलायला त्याला थोडा वेळ लागला.

पट्टे लागलेले होते, पोटाशी तसेच उचललेले. आणि आज काचेच्या आतल्या बाजूला, समोर, एक धुरकट ठिपका होता. तांदळाच्या दाण्याएवढा. सुपरग्लूची वाफ, मर्व्हने स्वतःला सांगितलं. मग त्याला आठवलं की त्याने सुपरग्लू वापरलाच नव्हता. वाफेचा डाग एकदा पडला की घासल्याशिवाय जात नाही, हेही त्याला आठवलं. हा ठिपका जात होता. तो बघत असताना कडेनं आटत आटत नाहीसा झाला. मर्व्हने सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात ठिपका पुन्हा आला, त्याच जागी. सीटवर कुणी बसलं असतं तर जिथे तोंड आलं असतं, तिथे.

त्याने झडप उघडली. आत काही नव्हतं. रंगवलेली सीट, पट्टा, पट्ट्याखालची पोकळी. त्याला ती पोकळी सहन होईना. चिमटा हातात घेतला. त्याने बकल सोडवलं, जरा जोरातच, आणि पट्ट्या दोन बाजूंना ढकलल्या.

"जे कोण असशील ते," तो हलक्या आवाजात म्हणाला, "ऊठ. उतर इथून."

स्वतःचा आवाज ऐकून तो खजील झाला. एका खेळण्याला दम देतोय म्हातारा. होय, खेळणंच म्हणाला तो मनात, आणि चहाचा कप उचलून बाहेर ऊन खात बसला.

४

शुक्रवारी सकाळी टामाती पौतू आला. क्लबातला जुना सोबती, हवाई दलातून निवृत्त झालेला, अंगानं दांडगा. त्याच्या जाडजूड बोटांत चिमटा दिसायचाही नाही, पण त्याच्याइतकं साफ पितळ अख्ख्या जिल्ह्यात कुणी वाकवत नव्हतं. इलेनने दिलेले गरम स्कोन बशीतून खात खातच तो शेडमध्ये शिरला.

"दाखव तुझा राजवाडा," तो म्हणाला. "ऐकलंय की तू यंदाच्या स्पर्धेत आम्हाला सगळ्यांना झोपवणार आहेस."

मर्व्हला त्याने यावं असंच वाटत होतं. आज त्याने स्वतः डबा उचलला नव्हता. दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांनी बघायचं होतं त्याला.

टामातीने डबा उचलला, वाकला, भिंग ओढलं. मग त्याने शीळ घातली. "देवा रे. हे पट्टे तू केलेस? सोरेनसेन, हे कापड आहे. हे पितळ नाहीच."

"म्हणजे तुला दिसतायत," मर्व्ह म्हणाला. "लागलेले."

"दिसतायत म्हणजे? आंधळा आहे का मी?" टामाती सरळ झाला आणि त्याच्या चेहऱ्यावर ते क्लबातलं हसू आलं, आता सोलून काढणार असं. "पण बाबा, पायलट कुठे आहे? रिकाम्या सीटला पट्टा कोण लावतं? सीट पळून जाईल म्हणून? परीक्षक हसून हसून मरतील. इतकं सुंदर काम, आणि चूक शाळेतल्या पोराची."

"मी नाही लावले ते."

"मग काय इलेननं लावले?"

मर्व्हने त्याच्याकडे पाहिलं. सांगावं असं मनात आलं. पण सांगायचं काय? सांगितलं असतं तर टामातीने स्कोन खाली ठेवला असता, आवाज मऊ केला असता आणि इलेनला बाजूला घेऊन डॉक्टरचं नाव सुचवलं असतं. मर्व्हला तो मऊ आवाज नको होता.

"काचेलाही वाफ धरलीये तुझ्या," टामाती म्हणाला. "सुपरग्लू वापरलास ना? या वयात. लाज आहे का?"

"राहू दे तसाच पट्टा," मर्व्ह म्हणाला. का ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"राहू दे? पोरीला देणार आहेस ना हे? ती रोज त्या सीटवर बसते. ती पहिलं हेच बघेल आणि म्हणेल, डॅडला इतकं पण माहीत नाही."

हे बरोबर वर्मी लागलं. मर्व्हने चिमटा घेतला. झडप उघडली. बकल यावेळी घट्ट बसलं होतं, कुणीतरी आतून ओढून धरल्यासारखं. त्याने जोर लावला. पितळ कुरकुरलं नाही, सरळ तुटलं. डावी पट्टी खाचेवर तुटून बकलसकट चिमट्यात आली.

"तिसऱ्यांदा वाकवलंस ना?" टामाती हळहळला. "तूच आम्हाला शिकवतोस आणि तूच असं करतोस."

काचेवरचा धुरकट ठिपका आता लहान लहान होत होता, भराभर. येत होता, जात होता. टामातीला ते दिसलं नाही. तो स्कोनचा चुरा झटकत होता.

५

टामाती गेल्यावर थोड्याच वेळात घरातला फोन वाजला. इलेन रोस्टच्या बटाट्यांत गुंतली होती. मर्व्हने घेतला.

"डॅड, जेवायला जरा उशीर होईल. वारा वाढायच्या आत अजून दोन-चार फेऱ्या उरकते."

"ये सावकाश."

"आणि ऐक, गंमत सांगते." ती धावपट्टीवरून बोलत होती, मागे लोडरचा आवाज येत होता. "या आठवड्यात माझा पट्टा येडा झालाय. आपोआप सुटतो. बुधवारी सकाळी हवेतच सुटला, काल पुन्हा, आणि आत्ता थोड्या वेळापूर्वी तर उतरतानाच. मेकॅनिक म्हणतो ठणठणीत आहे, मी म्हणते याला भूत लागलंय. सोमवारी नवा येतोय म्हणा."

बुधवारी सकाळची ती अडखळलेली घरघर त्याच्या कानात वाजली. शेडमधल्या त्या सीटवर कोण होतं आणि कुणाला त्याने तीनदा सोडवलं, ते त्याला कळलं. कळलं म्हणजे पटलं नाही. अशी गोष्ट पटत नसते. पण पोटात कळलं.

"ब्रायोनी," तो म्हणाला, "आज उडू नकोस."

तिकडे मागचा लोडरचा आवाज थांबला.

"काय म्हणालास?"

"आज उडू नको. आहे तशी गाडीत बस आणि घरी ये."

"का?"

का? शेडमध्ये एक मोहरीएवढं बकल तुटलंय म्हणून. "कारण विचारू नकोस," तो शेवटी म्हणाला.

ती हसली, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "सोळा वर्षं झाली, डॅड. मला वाटलं होतं, संपलं ते तुझं."

"तसं नाही गं. ते नाहीच. मी चुकलो होतो तेव्हा, ते सांगायचंच होतं आज, पण हे वेगळं..."

"वेगळं काही नसतं तुझं. चल, ठेवते. आईला सांग, बटाटे करपवू नको म्हणावं."

त्याने परत फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तो अंगणातून धावला, गुडघे सत्तरीचे असताना.

शेडमध्ये ऊन होतं. पत्रा तडतडत होता. मर्व्हने भिंग ओढलं आणि तुटलेली पट्टी चिमट्यात धरली. चिकटवायची, एवढंच. सुपरग्लू तर सुपरग्लू, काच धुरकट होऊ दे. तो सीटवर वाकला आणि तेव्हा त्याला ते दिसलं.

उजवी पट्टी हलत होती. आपली आपण वर उचलली जात होती, पोटावरून डावीकडे जात होती, तिथे काही सापडत नव्हतं म्हणून थांबत होती. परत मागे येत होती आणि पुन्हा जात होती. नजर समोर ठेवून, एका हातानं पट्ट्याचं दुसरं टोक चाचपावं, तशी. काचेवरचा ठिपका आता जातच नव्हता.

"थांब," मर्व्ह म्हणाला. "थांब बाळा. देतो. हे बघ, देतो."

त्याने चिमटा घट्ट दाबला. फारच घट्ट. हीही एक चूक आहे जी क्लबातला प्रत्येक माणूस दुसऱ्याला सांगतो आणि स्वतः करतो. चिमट्यातून बकल टण्णकन उडालं, उन्हात एकदा चमकलं आणि खाली गेलं.

तो गुडघ्यांवर बसला. जमिनीवर पितळेचा कीस होता, सगळाच कीस चमकत होता. त्याने तळहात फिरवले, गाल जमिनीला लावून पाहिलं, बोट ओलं करून एकेक कण उचलला. यातलं काहीच बकल नव्हतं. पश्चिमेकडून येणारी घरघर उतरत गेली, उतरत गेली आणि मध्येच तुटली. छपरावर एक फिजोआ पडला.

मग घरातला फोन वाजायला लागला. मर्व्ह जमिनीवरच होता, अजून शोधत होता. इलेनने फोन घेतल्याचं त्याने ऐकलं. तिचं "हॅलो" ऐकलं. त्यानंतरचं त्याने ऐकायचं नाही असं ठरवलं, पण ते ऐकू आलंच.

६

मातीला तो गेला. सगळ्यांच्या पुढे उभा राहिला, शवपेटीला खांदा दिला, आणि लोक म्हणाले की म्हातारा किती सावरून आहे. त्याला सावरलेलं वगैरे काही वाटत नव्हतं. त्याला एवढंच वाटत होतं की सोळा वर्षांत एक दिवस त्या धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून बसला असता, एकदा हात हलवला असता, तर त्या दिवशीचं त्याचं "उडू नकोस" तिने ऐकलं असतं. निदान का म्हणून परत विचारलं तरी असतं.

टामाती धावपट्टीवर जाऊन आला होता. त्याने सांगितलं ते मर्व्हने विचारलं म्हणूनच. उतरताना वाऱ्याचा झोत आला, चाक मऊ जमिनीत रुतलं आणि विमान नाकावर आलं. विमानाला फारसं काही झालेलं नव्हतं. "अशातून माणसं कपडे झटकत चालत बाहेर येतात, मर्व्ह," तो म्हणाला आणि टोपी हातात फिरवत राहिला. "पट्टा उघडा होता. आणि ती तर पट्टा लावल्याशिवाय कधीच... तुला माहीतच आहे."

मर्व्हला माहीत होतं.

"तुझ्या त्या मॉडेलचं मी उगाच बोललो," टामाती मग म्हणाला. हे त्याला का आठवलं कुणास ठाऊक. "राहू द्यायला हवा होता तसाच."

मर्व्हने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोष त्याचा नव्हता, पण ते समजावून सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

थंडी पडल्यावर, फिजोआ संपून गेल्यावर, एके दुपारी तो शेडमध्ये गेला. बकल त्याला सापडलं होतं, त्या दिवशीच्या स्वेटरच्या बाहीला अडकलेलं. इलेनने धुवायला काढताना आणून दिलं होतं, हे काय रे म्हणून. पण जुनं पितळ कामाचं नव्हतं. त्याने नवा पत्रा मागवला होता. ज्योत पेटवली, पट्ट्या मऊ केल्या, खाच आतल्या बाजूला ठेवून एकदाच वाकवल्या. सीटवर त्या मधोमध आणल्या, पोटाशी जागा ठेवून, जेवढी तिला लागली असती तेवढी. मग चिमट्यानं बकल दाबलं.

खट्.

"लागला का?" त्याने विचारलं.

पत्रासुद्धा तडतडला नाही. काच स्वच्छ होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, वाफ येते का म्हणून. मग डबा पालथा घातला आणि घरी आला. दोघं सूप प्यायले.

सकाळी तो आधी शेडमध्ये गेला, चहासुद्धा न घेता. डबा उचलला.

पट्टे सुटलेले होते. एक डावीकडे, एक उजवीकडे, मऊ पडलेले, रिकाम्या सीटवर असतात तसे.